दुसऱ्या गिअरची जीभ

"तुमची जीप आता पायसान तं वळखू येनार नाही, भाऊ," सेवालाल म्हणाला आणि त्याने स्टँडवरच्या हॉटेलात चहाची बशी इंद्रभानपुढे सरकवली. "पार बुडापासून धुतली. गिअरच्या खाली एक गंजकी तार गुंडाळेल होती, ते बी उपटून फेकली." इंद्रभानने बशी ओठांपर्यंत नेली होती, ती तशीच खाली ठेवली. चहा टेबलावर सांडला. सेवालालला वाटलं, रात्रभरच्या प्रवासाने माणूस थकला आहे. त्याने रुमालाने टेबल पुसलं आणि पुढे सांगत राहिला. तो हिवतापाच्या ऑफिसचा शिपाई, मनाने मोकळा, आणि केलेल्या कामाची तारीफ कानावर पडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. दसऱ्याला जीपची पूजा करायची ही ऑफिसची जुनी रीत. इंद्रभान जीपचा ड्रायव्हर असला तरी पूजा करत नसे, छप्पन सालापासून त्याच्या घरात ते सगळं बंद झालं होतं. पण आदल्या दिवशी जीप धुऊन-पुसून तोच तयार ठेवायचा आणि मग बाकीची मंडळी हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ, काय ते करायची. धुणं त्याचं, पूजा त्यांची. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं, कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ह्या वर्षी मात्र तो चार दिवस आधीच रजा टाकून आईला, दुर्गाबाईला, नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन गेला होता. म्हातारी जन्मात पहिल्यांदा गेली, गर्दी पाहून रडली, येताना अकोल्याला लेकीकडे राहिली. आणि इकडे रिसोडात इंद्रभानच्या वाटणीचं धुणं सेवालालने अंगावर घेतलं. भाऊ नाही म्हणून जीप घाण राहिली असं कोणी म्हणू नये, एवढाच त्याचा हेतू. गिअरच्या बुडाचं रबर उचलून, पाण्याचा मारा करून, फटीफटीत काडी घालून त्याने ती जीप लख्ख केली होती. इतकं प्रेम त्याने केलं नसतं तर बरं झालं असतं.

जीप कुठं आहे, असं इंद्रभानने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. सेवालाल म्हणाला की तासाभरापूर्वी केनवडच्या रस्त्याला लागली. केनवडात तापाचे पेशंट वाढलेत, साहेब स्वतः गेलेत, नर्स अंजनाबाई आहेत, फवारणीची दोन माणसं आहेत. देवमन चालवतो आहे. वाटेतल्या गावी थांबून रक्ताचे नमुने घ्यायचे आहेत, मग पुढे. म्हणजे देवमनला ती तार माहीत नाही, हे इंद्रभानच्या मनात आधी आलं, आणि मग केनवडच्या अलीकडचा तो उतार आला. हॉटेलात भजी तळत होते. सेवालाल त्याच्या तोंडाकडे बघत होता, तारीफ अजून व्हायची राहिली होती. "चांगलं केलं," इंद्रभान म्हणाला आणि उठला.

ऑफिस स्टँडपासून पाच मिनिटांवर. ती पाच मिनिटं त्याला आठवत होतं ते मागचं वर्ष. पेट्रोलचे भाव भडकले आणि वरून हुकूम सुटला की सरकारी गाड्यांनी पेट्रोल वाचवायचं. जिल्ह्याहून एक मेकॅनिक आला. त्याने गिअरच्या दांड्याच्या बुडाशी एक लोखंडी जीभ बसवली, तिला स्प्रिंग लावली, आणि तिथून एक केबल नेऊन अॅक्सिलरेटरला जोडली. पाय हलका असला की ही जीभ दुसऱ्या गिअरच्या वाटेत आडवी यायची. दांडा पहिल्यातून निघायचा तो दुसऱ्यात शिरायचाच नाही, सरळ तिसऱ्यात जाऊन पडायचा. पाय जोरात दाबला तरच जीभ मागे सरायची आणि दुसरा मोकळा व्हायचा. इंजिन कमी फिरतं, पेट्रोल कमी जळतं, असा त्यामागचा विचार. कागदावर तो बरोबर असेलही. पण ज्याने तो केला त्याने काळ्या मातीच्या चाकोरीतून माणसं आणि फवारणीचे पंप भरलेली जीप कधी काढली नसावी. तिसऱ्यात जीप थरथरायची, कण्हायची आणि बंद पडायची. गावातली पोरं हसायची. इंद्रभानला ते हसणं लागायचं, कारण खाकी कपडे घालून सरकारी गाडी चालवणारा त्याच्या सगळ्या नातेवाइकांत तो पहिला माणूस. दांडा हातात धरला की नऊ वर्षांत जो हात बसला होता तो कोणीतरी मनगटाला धरून दुसरीकडे ओढतं आहे असं त्याला वाटायचं. पण हे नुसतं चिडण्याचं झालं. खरी गोष्ट उताराची होती. ह्या जीपचे ब्रेक दोनदा हापसल्याशिवाय लागत नसत, त्यामुळे उतारावर दुसरा टाकूनच उतरायचं. आणि उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, म्हणजे नेमका तेव्हाच दुसरा मिळायचा नाही. त्याने मेकॅनिकला हे सांगितलं होतं. मेकॅनिक म्हणाला, वरचा हुकूम आहे, आणि केबलच्या गाठीवर शिशाचं सील दाबून निघून गेला.

मग एका दुपारी ऑफिसच्या मागच्या बाभळीखाली इंद्रभानने ते काम केलं. पकडीने सील उकललं, स्प्रिंग काढली, जीभ मागे ओढली आणि तारेने पक्की बांधून टाकली. सील पुन्हा दाबून जागच्या जागी लटकवलं, वरून रबर पांघरलं. दहा मिनिटांचं काम. त्या आठवड्यात साहेब म्हणाले की आता जीप छान चालते, ते यंत्र बसवल्याचा फायदा झाला. इंद्रभान हो म्हणाला, आणि हसू आवरायला त्याला बॉनेट उघडावं लागलं. पण रात्री त्याला झोप आली नाही. सील तोडलं होतं. त्याचा बाप माणिकराव, जुन्या काळी गावचं सरकारी टपाल वाहायचा, पायी. लाखेचं सील लावलेली थैली डोक्यावर घेऊन बारा कोस. एकदा उन्हाळ्यात लाख मऊ झाली आणि त्याच्या अंगठ्याचा ठसा तिच्यात उमटला. थैली उघडली नव्हती, काही गेलं नव्हतं, कचेरीत सगळ्यांना ते माहीतही होतं. त्याला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त व्हरांड्याच्या खाली बसायला सांगितलं आणि दोन दिवस तसंच बसवून ठेवलं. घरी आला तेव्हा तो पाच-सात दिवस बोलला नाही. पुढे इंद्रभानला नोकरी लागली तेव्हा सगळी वस्ती पेढे खात होती आणि बाप एवढंच म्हणाला, "सरकारी सीलले हात लावू नोको." इतर बाप पोरांना दारूचं सांगतात, बाईचं सांगतात. माणिकरावला जगात भ्यायला लावणारी एकच वस्तू ठाऊक होती, आणि ती त्याने मुलाला वारसा म्हणून दिली.

तारेचं त्याला एरवी इतकं भय वाटलं नसतं, पण एकदा ती आपोआप सुटली होती. गुढीपाडव्याच्या सुमारास, कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या मैदानात. स्प्रिंग नाही आणि तारही नाही म्हटल्यावर ती जीभ सुटी झाली, धक्क्याने पुढे घरंगळली आणि दांड्याच्या वाटेत अशी अडकली की दुसराही पडेना आणि तिसराही पडेना. जीप न्यूट्रलमध्ये. सपाट जमीन होती म्हणून काही झालं नाही. त्याने खाली शिरून हातोडीने ठोकून ती मागे सारली आणि तार दुहेरी केली. तेव्हाच त्याला कळलं होतं की आपण जी वस्तू बिनकामाची केली असं समजतो ती बिनकामाची झालेली नाही, नुसती बांधलेली आहे. तरी त्याने कोणाला सांगितलं नाही. देवमनला तर नाहीच. आणि देवमनला सगळं शिकवलं होतं त्याने. रिठदचा, अठ्ठावीसेक वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आपल्याच माणसांतला, इंद्रभानच्याच शब्दावर रोजंदारीचा बदली ड्रायव्हर म्हणून लागलेला. शेजारी बसवून इंद्रभान त्याला शिकवायचा: ब्रेकवर भरवसा ठेवू नको, उतार लागला की दुसरा टाक, दुसरा टाकला की जीप आपल्या हातात. देवमन शिकला. एकदा त्याने विचारलं होतं, दादा, हे शिशाचं काय लटकून राह्यलं? इंद्रभानने त्याला पाणी आणायला पाठवलं. आपल्या माणसावर विश्वास नव्हता असं नव्हे. पण गुपित दोघांत गेलं की ते सुटतं, असं त्याला वाटलं. आता जीप तोंड खाली करील, जीभ पुढे येईल, आणि देवमन त्याने शिकवलं तसंच करील. न शिकवता नुसता सोडला असता तर तो भिऊन वरूनच ब्रेक हापसत आला असता.

ऑफिसच्या मागे कचऱ्याचा ढीग होता. कालचा झेंडू, नारळाची शेंडी, ओली चिंधी. इंद्रभानने हात घालून ती तार शोधली. ती मिळाली, वेडीवाकडी, हातभर लांब, आणि एखादी मोठी गोष्ट साधल्यासारखा त्याचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. तार इथे होती आणि जीप तिकडे होती. ती खिशात कोंबून तो आत गेला. कारकून बाबूसिंग पेपर वाचत होता. रजेवरून लवकर आलात, म्हणाला, नागपूरला गर्दी किती होती विचारलं. इंद्रभानने काहीतरी उत्तर दिलं. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलावर फोन होता. वाटेतल्या गावच्या पोलीस चौकीतही फोन होता, जीप अजून तिथेच असणार होती, नमुने घ्यायला तास-दीड तास सहज लागतो. एक्स्चेंजला सांगायचं, चौकी लागायची, शिपाई धावत जाऊन सांगायचा, जीप हलवू नका. तो खोलीत गेला. रिसीव्हर उचलला नाही, त्यावर नुसता हात ठेवला. तो थंड होता. जीप हलवू नका, का? का म्हणून विचारतीलच. बाबूसिंग ऐकेल, एक्स्चेंजवाला ऐकेल, चौकीवाला लिहून घेईल. ड्रायव्हर इंद्रभान माणिकराव याने सील तोडून. लेखी. मग साहेब लिहितील, वरचे लिहितील. ह्या लोकांना नोकऱ्या दिल्या की असंच, हे कोणी लिहिणार नाही, पण म्हणणार सगळे, आणि तो बापासारखा व्हरांड्याखाली बसलेला असताना म्हणणार. बाहेरून बाबूसिंगने विचारलं, फोन लावायचा आहे का? नाही, इंद्रभान म्हणाला, घड्याळ पाहत होतो. साडेदहा झाले होते. केनवडची एसटी पावणेअकराला होती. आपण स्वतः जाऊ, गावात जीप उभी असेल, चाक बघतो म्हणून खाली शिरू, तार बांधू. कोणाला कळायचं नाही आणि कोणाला लागायचं नाही. दोन्ही साधेल. भ्यालेल्या माणसाला दोन्ही साधेल असं फार लवकर पटतं.

एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकीतून सगळं नेहमीचंच दिसत होतं, ज्वारी कणसावर आलेली, कपाशीत बाया वाकलेल्या, आणि त्याला हे सहन होईना. त्याला वाटत होतं की कुठेतरी एव्हाना काहीतरी बदललेलं दिसायला हवं. शेजारी एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन बसली होती, कोंबडीचं काळीज टोपलीबाहेर ऐकू येत होतं, की ते त्याचंच होतं, त्याला नक्की करता येईना. तो ड्रायव्हरच्या हाताकडे बघू लागला. दांडा मागे येत होता, पुढे जात होता, दुसरा, तिसरा, काही अडत नव्हतं. दर वेळी दुसरा पडला की इंद्रभानच्या पायाची बोटं वळायची. तीन मैल गेल्यावर त्याच्या डोक्यात अचानक उजेड पडला, आणि असला उजेड पडू नये कोणाच्या. खरं कारण सांगायची गरजच नव्हती. साहेबांना जिल्ह्याचा फोन येणार आहे, त्यांना गावातच थांबायला सांगा, एवढं बोलला असता तरी जीप थांबली असती. साधी थाप. पोरगंही मारील अशी थाप. ती त्याला सुचली नव्हती, कारण फोनवर हात ठेवून उभा असताना तो जीपचा विचार करतच नव्हता, तो स्वतःचा विचार करत होता. पाच माणसं आणि मी, असं मोजून त्याने मी निवडला होता, आणि मोजलं आहे हेसुद्धा त्याला तेव्हा कळलं नव्हतं. गाडी थांबवून परत जावं असं वाटलं, पण परत जाऊन फोन करीपर्यंत वेळ गेलेली असणार. पुढे जाण्यावाचून काही उरलं नव्हतं, आणि पुढेही काही उरलं आहे की नाही ते ठाऊक नव्हतं.

वाटेतलं गाव आलं. चावडीसमोर जीप नव्हती. इंद्रभान दारातून अर्धा बाहेर लोंबकळला आणि पारावर बसलेल्या माणसाला त्याने विचारलं. आत्ताच गेली म्हणाला, दहा मिनिटं झाली असतील. ड्रायव्हर खाली उतरून हॉटेलात गेला होता. कंडक्टर कोणाचं तरी पोतं टपावर चढवत होता. इंद्रभान त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, "भाऊ, जरा लवकर चालते काय?" कंडक्टरने विचारलं, "काहून? कोन मेलं काय?" खरंच विचारलं होतं त्याने, टिंगल नव्हती, कोणी मेलं असेल तर लोक असंच म्हणतात आणि मग गाडी लवकर काढतातही. इंद्रभानला हो म्हणता आलं असतं. त्याच्या तोंडात ते आलंही. पण बोलून दाखवलं तर ते घडेल असं त्याला वाटलं आणि त्याने मान हलवली, कोणी नाही. मग ड्रायव्हरने निवांत चहा घेतला, पान लावून घेतलं, इंद्रभान पायरीवर उभा राहून त्याच्या चघळणाऱ्या तोंडाकडे बघत राहिला. त्या दहा मिनिटांत त्याने देवमनला सगळ्या तऱ्हांनी मारलं. स्टेअरिंगवर मारलं, जीपखाली मारलं, नाल्यात बुडवून मारलं. रिठदला त्याच्या घरी निरोप घेऊन जाणारा माणूसही दिसला त्याला, आणि तो माणूस खाकी कपड्यांतला होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. अंजनाबाईंचा डबा दिसला. दोन पोळ्या जास्त आणायच्या त्या, ड्रायव्हरसाठी, आणि तो पहिल्या वर्षी त्या घेताना अंग चोरायचा तर बाईंनी त्याच्या ताटलीतच भाजी वाढून स्वतः त्याच भांड्यातून घेतली होती. नऊ वर्षांत हे त्याला कधी आठवलं नव्हतं.

एसटी निघाली. उताराच्या माथ्यावर येईपर्यंत त्याने डोळे मिटले होते, मग उघडले. खाली नाला, नाल्यावरचा बिनकठड्याचा फरशी पूल, पलीकडचा चढ. फरशीवर काही नव्हतं. पाण्यात काही नव्हतं. मग डाव्या हाताला तुरीच्या शेतात एक सरळ चीर पडलेली दिसली, दोन चाकांच्या मापाची, आणि चिरेच्या टोकाला, बांधाच्या दगडांत तोंड खुपसून जीप उभी होती. झेंडूची माळ अजून बॉनेटवर होती. इंद्रभान ओरडला की नाही त्याला कळलं नाही, पण गाडी थांबली. तो तुरीतून पळत सुटला. पळता पळता मोजत होता. साहेब, उभे. फवारणीचे दोघं, पंप गोळा करताना. अंजनाबाई, बांधावर बसलेल्या, कपाळाला पदर लावलेला, पदर लाल झालेला, पण बसलेल्या. चार झाले. पाचवा दिसेना. त्याचे पाय थांबले. मग त्याला देवमन दिसला, नाल्यात, कंबरेएवढ्या पाण्यात, पाठ करून उभा. अंगावर खरचटलेलंही दिसत नव्हतं. इंद्रभानला रडू आलं आणि ते येऊ नये म्हणून त्याने तुरीचं झाड घट्ट धरलं.

साहेब वैतागलेले होते. त्यांच्या चष्म्याची एक काच गेली होती, दुसऱ्या काचेतून ते इंद्रभानकडे पाहत बोलू लागले. उतारावर ह्या माणसाला गिअर घालता येईना, म्हणाले, नुसता दांडा हलवत बसला, ब्रेक दाबायला उशीर केला, शेवटी शेतात घातली म्हणून फरशीवरून खाली गेलो नाही, एवढंच नशीब. रोजंदारीचा माणूस घेतला की असं होतं. उद्यापासून नको. इंद्रभान ऐकत होता आणि त्याच्या लक्षात येत होतं की कोणालाच काही कळलेलं नाही. जीभ, केबल, सील ह्यातलं काही साहेबांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या लेखी एक अडाणी ड्रायव्हर चुकला होता. इंद्रभानचं अंग एकदम हलकं झालं. भीती उतरली, आणि त्या हलकेपणात, लाज वाटण्याच्या आधीच, तो मनातल्या मनात जीपखाली शिरून जीभ मागे सारूनसुद्धा आला. मग तो नाल्याकडे गेला.

बाहेर ये, त्याने देवमनला हळू आवाजात सांगितलं. देवमन आला नाही. पाय धुतोय म्हणाला. कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून माणूस पाय धुतो असं म्हणाला, आणि इंद्रभानला ह्या पाण्याचं कारण कळलं. उतारावर, दांडा हातात फिरत असताना, खाकी पँटमध्येच झालं असणार. कोणी बघू नये म्हणून तो सगळ्यात आधी पाण्यात जाऊन उभा राहिला होता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि हनुवटी थांबत नव्हती.

"दादा, दुसरा पडलाच नाही," तो म्हणाला. "लय शोधला म्या. तुमी दाखवलं तसाच शोधला. माहाच हात चुकला असन."

इंद्रभानला वाटलं, ह्याने शिवी द्यावी. पण देवमन पुन्हा तेच सांगू लागला, दांडा कसा धरला, पाय कधी काढला, कुठे चुकलं ते दादाने सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही. पुढची वेळ नव्हती हे त्याला साहेबांनी अजून सांगितलं नव्हतं.

"पण तुम्ही इकडे कसे?" साहेबांचा आवाज मागून आला. ते काठापर्यंत आले होते. "तुमची रजा उद्यापर्यंत आहे ना?"

इंद्रभान वळला. एवढी सगळी वाट त्याने भीतीत घालवली आणि इतका साधा प्रश्न त्याला सुचला नव्हता. तेवढ्यात पाण्यातून देवमनच बोलला, कुडकुडत, पण मदतीला धावून आल्यासारखा. "केनवडले त्यायची मावशी राह्यते, साहेब. थितंच चालले असतीन." मावशी खरंच होती. साहेबांनी मान डोलावली, त्यांना पटलंही, ते परत वळू लागले. इंद्रभानने देवमनकडे पाहिलं. तो अजूनही बाहेर येत नव्हता, साहेब जाण्याची वाट पाहत होता.

"मावशीकडं नाही, साहेब," इंद्रभान म्हणाला. मग त्याने सांगितलं. सील सांगितलं, स्प्रिंग सांगितली, तार सांगितली. साहेबांना पहिल्यांदा काही समजलं नाही, कोणती तार, म्हणाले, आणि त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. देवमनचा हात चुकला नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. फवारणीचे दोघं पंप खाली ठेवून जवळ आले. साहेब चष्मा काढून हातात धरून उभे होते, रागावले आहेत की नुसते बघताहेत ते कळत नव्हतं. आता ते लिहितील, इंद्रभानला वाटलं, आणि त्याचं भय पूर्वीइतकंच होतं, तसूभर कमी झालं नव्हतं. फक्त त्याच्यासमोर उभं राहायला आता त्याला जागा सापडली होती. सांगून झालं, असं त्याला वाटलं.

अंजनाबाई बांधावरून उठून कधी आल्या ते त्याला कळलं नाही. कपाळावरचा पदर त्यांनी तसाच धरला होता. त्यांनी मघापासून सगळं ऐकलं होतं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट त्यांना एक गोष्ट त्याच्या बाजूने लावून घ्यायची होती, तेवढी लागली तर बरं, असा तो आवाज होता.

"तार काढली म्हनून तुमाले कधी समजलं, भाऊ? इथं आल्यावरच ना?"

"नाही, बाई. साडेदहाले. रिसोडात."

बाईंनी थोडा वेळ हिशोब केला. साडेदहाला जीप गावात उभी होती. त्या चावडीच्या ओट्यावर बसून लेकरांच्या बोटांना सुई टोचत होत्या, चौकी समोरच होती.

"ऑफिसातला फोन बंद असन," त्या म्हणाल्या.

पाण्यात देवमनने मान वर केली. एसटी अजून रस्त्यावर उभी होती, खिडक्यांतून लोक बघत होते.

"चालू होता," इंद्रभान म्हणाला.